स्तनपानाचा संकल्प आणि मातेचे वजन

बाळाला सहा आठवड्यांची लस टोचून घेण्यासाठी माता आरोग्य केंद्रात येते, तेव्हा तेथे दोन वजनकाटे असतात. एकावर बाळ तोलले जाते आणि त्याचे वजन वाढल्याचे पाहून घरची मंडळी सुखावतात. दुसऱ्यावर माता स्वतः उभी राहते, आणि तेथील आकडा तिला बेचैन करतो. बाळाचे वजन वाढावे आणि आपले उतरावे, अशी तिची इच्छा असते व ती रास्तही आहे. परंतु या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, एक साधायची तर दुसरी सोडावी लागते, असा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. सासूबाई म्हणतात, "अंगावर पाजतेस तोवर पोटभर खा, वजनाचे पुढे पाहू." मैत्रीण म्हणते, "सहा महिने कशाला अडकून पडतेस? वरचे दूध सुरू कर आणि व्यायामाला लाग." दोन्ही सल्ले आपुलकीचे असतात आणि दोन्ही अर्धेच खरे असतात. योग्य क्रम सांभाळला तर स्तनपानाचा आपण ठरवलेला पल्ला गाठता येतो आणि वजनही हळूहळू उतरवता येते, असे आजचे आहारशास्त्र सांगते. हा क्रम कोणता, हे येथे पाहावयाचे आहे.

हा विषय केवळ शहरी हौसेचा राहिलेला नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण २०.६ टक्के होते. गोव्यात तर ते एक तृतीयांशाहून अधिक भरले. अनेक स्त्रियांच्या बाबतीत ही वाढ बाळंतपणांच्या पायऱ्यांनी होते: पहिल्या खेपेचे चार किलो उतरत नाहीत, तोच दुसऱ्या खेपेचे त्यांत मिळतात, आणि चाळिशीत मधुमेह व रक्तदाब दाराशी येऊन उभे राहतात. दुसऱ्या बाजूने पाहता, सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावरच्या दुधावर राहणाऱ्या बालकांचे देशातील प्रमाण त्याच पाहणीत ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर आले. म्हणजे दहांपैकी सुमारे चार बालकांना सहा महिन्यांच्या आतच दुसरे काही ना काही दिले जाते. त्याची कारणे अनेक आहेत. "मला आता वजन कमी करायचे आहे" हे त्यांपैकी एक कारण असते, फक्त ते उघडपणे बोलले जात नाही.

वजन येते कोठून, जाते कोठे

गरोदरपणात सुदृढ स्त्रीचे वजन साधारणतः १० ते १२ किलोंनी वाढते. त्यांपैकी सुमारे तीन किलो बाळाचे, अर्धा किलो वारेचे आणि जवळपास एक किलो गर्भजलाचे. वाढलेले गर्भाशय, वाढलेले रक्त आणि शरीरात साठलेले पाणी यांचाही वाटा असतो. उरलेली तीनचार किलो चरबी असते, आणि ती निसर्गाने हेतुपुरस्सर साठवलेली शिदोरी आहे. प्रसूतीबरोबर पाचसहा किलो लगेच उतरतात, पुढील काही आठवड्यांत साठलेले पाणी निघून जाते, आणि मग काटा जेथल्या तेथे थांबतो. येथवर सर्व काही आपोआप घडलेले असते. मातेची काळजी येथून सुरू होते.

पूर्ण स्तनपान करणाऱ्या मातेच्या अंगावर दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध तयार होते. एवढ्या दुधात सुमारे ५०० उष्मांक असतात, आणि ते तयार करण्याच्या क्रियेतही काही शक्ती खर्च होते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पहिल्या सहा महिन्यांत मातेला नेहमीच्या आहाराहून दररोज ६०० उष्मांक, आणि पुढील सहा महिन्यांत ५२० उष्मांक अधिक लागतात, असे सांगितले आहे. ६०० उष्मांक म्हणजे नेमके किती? नाचणीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पेलाभर दूध आणि एक केळे. एवढेच. यांवर तुपातला शिरा, डिंकाचे लाडू आणि खसखशीची खीर असा थाट रोज सुरू राहिला, तर दुधाला लागते त्याच्या कितीतरी अधिक पोटात जाते, आणि ते अंगी लागल्याशिवाय राहत नाही. एका मध्यम आकाराच्या डिंकाच्या लाडवात दोनशेच्या आसपास उष्मांक सहज असतात. पूर्वीची बाळंतीण सव्वा महिन्यानंतर पुन्हा शेतात, विहिरीवर आणि जात्यावर जात असे; तिच्यासाठी तो लाडू योग्यच होता. जाते गेले, पंप आला, लाडू मात्र त्याच मापाचा राहिला!

आता एखाद्या शिक्षिकेचे उदाहरण कल्पून हिशेब मांडून पाहू. तिची उंची १५५ सेंटीमीटर आहे. गरोदरपणापूर्वी तिचे वजन ५८ किलो होते, आणि बाळ दोन महिन्यांचे झाले तेव्हा ते ६४ किलो आहे. या उंचीच्या स्त्रीचे वजन साधारणतः ४५ ते ५५ किलोंच्या दरम्यान असावे. सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर ते वर्षभर चालू ठेवावे, असा तिचा संकल्प आहे. तिने जादा ६०० ऐवजी ३०० उष्मांक घेतले, तर उरलेले ३०० तिच्या शरीरातील साठ्यातून खर्च होतील. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. त्या हिशेबाने महिन्याला सव्वा किलोच्या आतबाहेर वजन उतरेल. त्यात रोज अर्ध्या तासाच्या चालण्याची भर घातली, तर दीड किलोपर्यंत. म्हणजे बाळाचे सहा महिने पूर्ण होतील तेव्हा ती ५८ किलोंच्या जवळ आलेली असेल, आणि त्यासाठी तिला एकही जेवण चुकवावे लागलेले नसेल.

शरीर अर्थातच कागदावरच्या हिशेबाने चालत नाही. दूध पाजणाऱ्या मातेला भूक अधिक लागते, रात्रीची झोप मोडते, आणि झोप मोडली की गोड खावेसे वाटते. काही स्त्रियांचे वजन पहिले तीन महिने ढिम्म हलत नाही व नंतर उतरू लागते. "दूध पाजले की वजन आपोआप उतरते" असे जे सरसकट सांगितले जाते, तेही म्हणूनच पुरते खरे नाही. स्तनपान मदत करते; सारे काम ते एकटे करीत नाही.

खाणे कमी केल्याने दूध आटते काय?

खरी भीती येथे आहे, म्हणून या प्रश्नाचा जरा सविस्तर विचार करणे इष्ट होईल. दुधाचे प्रमाण मातेने किती खाल्ले यापेक्षा बाळाने किती प्यायले यावर अधिक अवलंबून असते. बाळ स्तन चोखते तेव्हा मातेच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. पहिले दूध तयार करते, दुसरे ते बाहेर सोडते. स्तन जितका रिकामा होईल तितके दूध पुन्हा भरते. तुंबून राहिले, तर शरीर निर्मिती आवरते घेते. रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असल्यामुळे रात्रीचे पाजणे विशेष मोलाचे असते.

याविषयी प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही स्तनदा मातांना प्रसूतीनंतर सहाआठ आठवड्यांपासून पुढे बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास व्यायाम देण्यात आला. त्यांच्या दुधाचे प्रमाण व कस व्यायाम न करणाऱ्या मातांइतकाच राहिला. पुढे २००० मध्ये अधिक वजनाच्या मातांवर असाच अभ्यास झाला. त्यांनी दहा आठवडे रोजच्या आहारातून सुमारे ५०० उष्मांक कमी केले, जोडीला व्यायामही केला. त्यांचे वजन आठवड्याला अर्धा किलो या गतीने उतरले, आणि त्यांच्या बाळांची वाढ इतर बाळांच्या बरोबरीनेच झाली. या माता मुळात अधिक वजनाच्या होत्या, आणि त्यांचे दूध चांगले बसल्यावर, म्हणजे प्रसूतीनंतर चौथ्या आठवड्यापासून, हा उपक्रम सुरू झाला होता, या दोन गोष्टी मात्र विसरता कामा नये.

मग "डाएट केले आणि दूध गेले" असे इतक्या जणी सांगतात, ते खोटे काय? खोटे नव्हे, परंतु बहुधा कारण दुसरेच असते. सहा आठवड्यांच्या सुमारास स्तनांतील पूर्वीचा ताठरपणा जाऊन ते मऊ लागू लागतात. दुधाची निर्मिती बाळाच्या गरजेशी जुळल्याची ती खूण असते. मातेला मात्र दूध कमी झाल्यासारखे वाटते. त्याच सुमारास बाळाचे संध्याकाळचे रडणे सर्वांत अधिक असते, आणि अधूनमधून दोनतीन दिवस ते सारखे पिऊ मागते. वजन कमी करण्याचा विचारही नेमका याच वेळी सुरू झालेला असतो. तिन्ही गोष्टी एका आठवड्यात आल्या की दोष आहाराकडे जातो, घाबरून वरच्या दुधाची बाटली येते, बाळ अंगावर कमी पिते, आणि मग दूध खरोखरच कमी होते. मातेचा संकल्प मोडतो तो येथे. त्याला भाकरी कमी खाल्ल्याचे निमित्त होते, एवढेच.

म्हणून दूध पुरते की नाही हे स्तनांच्या जडपणावरून किंवा बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करावी. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत घटलेले वजन दोन आठवड्यांपर्यंत भरून यावे. पहिल्या तीन महिन्यांत वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढावे, आणि पाच महिन्यांच्या सुमारास ते जन्मवेळच्या दुप्पट व्हावे. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात हे वजन विनामूल्य करून मिळते व बाळाच्या कार्डावर नोंदले जाते. मातेने आपला आहार आवरता घेतला असेल, त्या काळात ही नोंद दर पंधरा दिवसांनी करून घ्यावी. बाळाची रेषा वर जात असेल, तर मातेची रेषा खाली जाण्यास हरकत नाही. बाळाची रेषा आडवी झाली, की मातेने आहार लगेच पूर्ववत करावा, पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि आरोग्यसेविकेस किंवा डॉक्टरांस भेटावे.

कोणी वजन कमी करू नये

उपरोक्त पाहणीतच देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या होत्या, हेही विसरता येत नाही. १५५ सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ४५ किलोंच्या खाली असेल, तर तिने वजन उतरविण्याचा विचार मनातही आणू नये. तिला सासूबाईंचा लाडू अवश्य हवा. जुळ्यांची माता, क्षयरोगासारख्या आजारातून उठलेली किंवा रक्त कमी असलेली माता यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आहार कमी करू नये. प्रसूतीनंतर थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावल्याने काही स्त्रियांचे वजन वाढते, थकवा येतो, केस गळतात. तेथे उपाशी राहून काही साधत नाही. रक्ताची तपासणी करून औषध घ्यावे लागते.

प्रमाणाबाहेर वजन असलेल्या मातेनेही पहिले दोन महिने केवळ दूध बसविण्याकडे लक्ष द्यावे. नंतरही दिवसाचा आहार १,८०० उष्मांकांच्या खाली नेऊ नये आणि आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक घट होऊ देऊ नये. नुसत्या फळांच्या रसावर राहणे, भातपोळी अजिबात वर्ज्य करणे, वजन उतरविणाऱ्या गोळ्या, काढे वा अलीकडे बोलबाला झालेली इंजेक्शने घेणे, हे सर्व स्तनदा मातेस निषिद्ध समजावे. पोटाला पट्टा बांधल्याने पाठीला आधार वाटतो खरा, पण चरबी त्याने तसूभरही कमी होत नाही. व्रतांविषयीही एक शब्द. निर्जळी उपवास स्तनदा मातेने करू नये. आणि तुपातील साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेली एकादशी वजन कमी करते, असे कोणी समजत असेल, तर त्या खिचडीतील शेंगदाण्यांचा एकदा हिशेब करावा.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. माता कमी जेवली तरी दुधातील एकूण शक्ती फारशी घटत नाही. शरीर आपल्या साठ्यातून ती पुरवते. परंतु काही जीवनसत्त्वे मातेच्या आहारात नसतील, तर ती दुधातही कमी पडतात. ब-१, ब-१२ आणि अ ही जीवनसत्त्वे, तसेच आयोडीन, यांचा त्यात समावेश होतो. केवळ सडीक पांढऱ्या भातावर राहणाऱ्या मातांच्या अंगावरच्या बाळांना ब-१ च्या अभावी बेरीबेरी झाल्याचा इतिहास आहे. उकड्या तांदळात हे जीवनसत्त्व बरेचसे टिकून राहते. त्यामुळे आपल्याकडील उकड्याची पेज बाळंतिणीला देण्याची रीत शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. म्हणून कमी करावयाचे ते तूप, साखर, मैदा, तळण आणि फरसाण. भाकरी, कुळीथ, मूग, पालेभाजी, दूध, ताक, अंडी आणि मासे यांना कात्री लावू नये. बांगडे व तारल्या स्वस्त आणि उत्तम. मात्र रोज रव्यात घोळवून तळण्यापेक्षा त्यांची आमटी करावी, आणि तिच्यातील नारळ थोडा हात राखून घालावा. किनारपट्टीच्या भागात दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मोरी, म्हणजेच मुशी, देण्याची चाल आहे. अशा मोठ्या शिकारी माशांत पाऱ्याचा अंश अधिक असतो, तेव्हा त्याऐवजी लहान मासे निवडावेत हे बरे. पूर्ण शाकाहारी मातेने ब-१२ विषयी डॉक्टरांना विचारावे. प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोहाच्या व कॅल्शियमच्या ज्या गोळ्या शासकीय केंद्रांतून मिळतात, त्या "अंग सुटते" या समजुतीने बंद करू नयेत. त्यांनी वजन वाढत नाही.

व्यायामाविषयी फार सांगण्यासारखे नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, आणि पोट फाडून प्रसूती झाली असेल तर डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर, चालण्यापासून आरंभ करावा. निघण्यापूर्वी बाळाला पाजले म्हणजे अंग हलके वाटते. घरच्यांनी तो अर्धा तास बाळाला सांभाळले, तर लाडवांपेक्षा ती मोठी सेवा होईल.

कामावर परतल्यावर

संकल्पाची दुसरी परीक्षा रजा संपते तेव्हा होते. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची सवेतन रजा ठरविली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. मागील बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस हा हक्क मिळतो. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी घेता येते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावयाची असते. शासकीय कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र रजानियम लागू असतात. बाजारात मासे विकणाऱ्या किंवा शेतात रोजंदारी करणाऱ्या भगिनीला यांपैकी काहीच मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिला बहुधा वजन उतरविण्याची चिंता नसते, तर पोटभर खाण्याची असते.

कामावर जाताना स्वच्छ हातांनी दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. बाहेर ते चार तास आणि शीतकपाटात चोवीस तास निर्धास्तपणे टिकते. घरच्यांनी ते वाटीचमच्याने पाजावे. दुपारी कामाच्या जागी एकदा दूध काढले नाही, तर छाती दाटते आणि हळूहळू निर्मिती घटते. हीच वेळ असते जेव्हा नोकरीच्या धावपळीत मातेचे दुपारचे जेवणही चुकू लागते. वजन उतरते आहे म्हणून ती खूश असते, आणि दूध का कमी झाले हे तिला कळत नाही. डबा आणि दूध काढणे, दोन्ही एकाच सुट्टीत उरकण्याची सवय लावून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ ते चालू ठेवण्यास सांगते. तथापि प्रत्येक मातेला हा पल्ला साधेलच असे नाही. एखादीने चार महिने ठरवले आणि सहा झाले, दुसरीने वर्ष ठरवले आणि आजारपणामुळे पाच महिन्यांत थांबावे लागले. दुसरीला दोष देण्याचे कारण नाही. जितके दिवस पाजले तितक्या दिवसांचा लाभ बाळाला मिळालाच. आमच्या प्रसिद्धिपत्रकांवरील माता नेहमी सडपातळ, हसतमुख आणि पुरेशी झोप झालेली दिसते. तशी माता चित्रकारांनी कोठे पाहिली, कोण जाणे. बाळाच्या दुधाच्या पावडरींची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. बाळंतपणानंतर चार आठवड्यांत पूर्ववत झालेल्या कमरेच्या जाहिरातीस मात्र अशी बंदी नाही, आणि अशा चित्रांपुढे आपला आकडा ठेवून पाहणे हा मातेवर अन्याय आहे.

पाजणे थांबवावयाचे तेव्हा ते एकदम तोडू नये. दर काही दिवसांनी एक वेळ कमी करीत जावे, म्हणजे गाठी होत नाहीत व बाळही रुळते. आणि जसजशा वेळा कमी होतील, तसतसे जेवणातील जादा प्रमाणही कमी करावे. दूध थांबले तरी ताटातील ती चौथी भाकरी आणि रात्रीचा साखर घातलेला दुधाचा पेला पुढे वर्षभर तसाच चालू राहतो, आणि सहा महिन्यांत उतरवलेले वजन पुढच्या सहा महिन्यांत परत येते, असे पुष्कळदा घडते. त्या महिन्यात एकदा पुन्हा आरोग्य केंद्राच्या काट्यावर उभे राहून वजनाची नोंद करावी, आणि पुढील तीन महिने दर महिन्यास ती ताडून पाहावी.